आधी नख फिरवून बघा

भाऊ, नव्या गाडीवर रेघ दिसली की जीव खालीवर होतो, पण आधी तिथे नख फिरवा. नख अडकलं नाही आणि पाणी लावल्यावर रेघ दिसेनाशी झाली, तर ती क्लिअर कोटमध्येच, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरातच आहे, घरी निघेल. खाली प्रायमर (रंगाखालचा अस्तर थर) किंवा पत्रा दिसत असेल तर घासत बसू नका, टचअपचा रंग लावा, नाहीतर पावसाळ्यात गंज धरेल.

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. तापलेल्या बॉनेटवर कंपाउंड (रेघ घासून काढायची पेस्ट) लगेच सुकून चिकटतं, म्हणून काम भल्या सकाळी, सावलीत. आधी गाडी शाम्पूनं नीट धुवा. शेतरस्त्याची धूळ राहिली तर घासताना नवे ओरखडे पडतात. (मी पाडलेत, कोरडा फडका मारून.) मग मायक्रोफायबरवर वाटाण्याएवढं बारीक कंपाउंड, हलका हात, मधे मधे पुसून बघायचं. क्लिअर कोट साधारण ४०-५० मायक्रॉनचा, केसाहूनही पातळ. प्रत्येक घासणीत थोडा झिजतो. कंपाउंडऐवजी टूथपेस्ट घासायचा नाद सोडा. शेवटी वॅक्स.

आणि बांधावरच्या बाभळीला खेटून गाडी लावणं बंद करा.