डच खेहाक्तबाल, म्हणजे खिम्याचे मोठे गोळे, पहिल्यांदा करताय? मग एवढं बघा

खिमा ‘हाफ-ओम-हाफ’च घ्या, म्हणजे अर्धा बीफ, अर्धा पोर्क. नुसत्या बीफचे गोळे कोरडे होतात. अर्ध्या किलोला एक अंडं, दुधात भिजवलेला पावाचा एक स्लाइस किंवा चुरलेले दोन डच रस्क, चमचाभर मोहरीची पेस्ट, मीठ, मिरी आणि जायफळ. जायफळ ताजं किसा, हात आखडू नका. आलं-लसणाचा मोह मात्र आवरा. चांगलंच लागेल, पण तो आपला कोफ्ता होईल.

फार मळू नका, गोळे घट्ट होतात. शंभरेक ग्रॅमचे पाच मोठे गोळे करा. खरी गंमत लोण्यात आहे. ते भरपूर घ्या, फेस बसला की गोळे सोडा आणि सगळीकडून चांगले तपकिरी होईपर्यंत हलवाहलवी कमी. मग कपभर पाणी घालून, झाकण किंचित उघडं ठेवून मंद आचेवर अर्धा तास. मध्ये एकदा उलटा.

कढईला चिकटलेलं खरवडून त्याच पाण्यात मिसळा. हीच ‘ज्यू’ (jus), म्हणजे पातळ ग्रेव्ही, उकडलेल्या बटाट्यावर ओतायची. उरलेला गोळा दुसऱ्या दिवशी कापून पावात, मोहरी लावून. मला तर तोच जास्त आवडतो.