गॅस्केट नवं, हेड वाकडंच

प्रश्न : मी साताऱ्याचा. मुंबईहून परतताना बोरघाटात माझी डिझेल गाडी तापली. पुण्यातल्या गॅरेजने हेड गॅस्केट (इंजिनचं वरचं झाकण म्हणजे हेड, त्याखालचं सील) बदलून २८,५०० रुपये घेतले. तीन आठवड्यांत पुन्हा पांढरा धूर, कूलंट गायब. आता इंजिन खोलून म्हणतात, ‘हेड वाकलंय, आणखी ४० हजार लागतील.’ मी नको म्हटलं, तर खोलण्याचे ६,००० मागून गाडी अडवली आहे. पावतीवर ‘कामाची गॅरंटी नाही’ असं छापलंय. काय करू?

उत्तर : हेड आत्ता बाहेर आहे ना? मग आधी तेवढं सांभाळा, तक्रार चार दिवसांनी केली तरी चालेल. अ‍ॅल्युमिनियमचं हेड तापून वाकतं, म्हणून नवं गॅस्केट बसवण्याआधी हेडवर सरळ पट्टी ठेवून खालची फट फीलर गेजने (पातळ पात्यांच्या मापकाने) मोजायची असते. फट कंपनीच्या मर्यादेपेक्षा जास्त निघाली तर हेड फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला, पाठवायचं. तुमच्या पावतीचा फोटो मी पाहिला. गॅस्केट, ऑइल, कूलंट, मजुरी, बस्स. फेसिंग नाही, नवे हेड बोल्टही नाहीत. तुमचा खटला या कोऱ्या जागेवर उभा राहील. पण त्यांनी हेड आता फेसिंगला दिलं, तर तुमचा पुरावा कानशीने घासल्यासारखा नाहीसा होईल.

म्हणून आजच लेखी कळवा : हेड आणि जुनं-नवं अशी दोन्ही गॅस्केटं आहेत तशी ठेवा. मग एखाद्या स्वतंत्र ऑटोमोबाइल इंजिनिअरकडून तिथेच मोजमाप, फोटो आणि सही-तारखेचा अहवाल घ्या.

गाडीचं म्हणाल तर करार कायद्याच्या कलम १७० नुसार कारागिराला केलेल्या कामाच्या मोबदल्यापुरती वस्तू अडवता येते. स्वतःच्याच फसलेल्या कामाचा शोध घेण्याचे पैसे त्यात बसतात का, यावर वाद घालता येईल. पण मी तुमच्या जागी असतो तर ‘हक्क राखून’ असं लिहून ६,००० भरले असते आणि सुट्या भागांची यादी करून गाडी टो करून आणली असती. पोलिसांकडे हेलपाटे घालू नका, ते दिवाणी बाब म्हणून परत पाठवतील.

नंतर पंधरा दिवसांची नोटीस, आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली सेवेतल्या त्रुटीची तक्रार. ती साताऱ्याच्याच जिल्हा आयोगात करता येते, पुण्याला जायला नको. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही (हे मी वकील असून सांगतोय!). मुदत दोन वर्षांची. छापील ‘गॅरंटी नाही’ला घाबरू नका. गॅरंटी न देणं वेगळं आणि हेड न तपासता इंजिन पुन्हा जोडून टाकणं वेगळं.

एक कडू गोष्ट. बोरघाटात तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेल्यावरही तुम्ही गाडी किती दामटली? समोरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारेल. हेड तेव्हाच वाकलं असेल तर नव्या हेडचा खर्च गॅरेजवर टाकणं कठीण आहे. मागायचं ते २८,५००, टोइंग, हे ६,००० आणि मनस्तापाची भरपाई. किती किलोमीटर चालवली ते खरंखुरं लिहून अहवालासोबत माझ्याकडे पाठवा, नोटिशीचा मसुदा त्यावरून करू.