केळीच्या खोडापासून केलेला, हायड्रोजन सोडवणारा कार्बन सायकलिंगमध्ये (व्होल्टेज पुन्हा पुन्हा वरखाली फिरवताना) सुधारत जातो, याचं कारण काय?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: रावेरकडच्या केळीच्या खोडाचा कार्बन करून ग्लासी कार्बनच्या (काचेसारख्या गुळगुळीत कार्बनच्या) इलेक्ट्रोडवर लावला. ०.५ मोलर सल्फ्युरिक ॲसिड, काउंटरला (सर्किट पुरं करणाऱ्या दुसऱ्या इलेक्ट्रोडला) प्लॅटिनमची तार, रेफरन्स (ज्याच्या तुलनेत व्होल्टेज मोजतात तो इलेक्ट्रोड) सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड. हायड्रोजनसाठी १० मिलीअँपिअर प्रति चौरस सेंटिमीटरला लागणारं ओव्हरपोटेन्शियल (द्यावं लागणारं जादा व्होल्टेज) ३८० मिलीव्होल्ट होतं, हजार सायकलींनंतर ९० वर आलं. धातू न घालता हे कसं, असा प्रश्न.

बहुधा कार्बनवर धातू आलेला आहे, आणि तो तुमच्याच तारेतून. कार्बनवर हायड्रोजन सुटतो तेव्हा तेवढाच करंट तारेवर ऑक्सिजन सोडत असतो. तिथे प्लॅटिनमवर ऑक्साइड बनतं, सायकल परत फिरली की ते मोडतं, आणि या उलथापालथीत दर वेळी थोडं प्लॅटिनम ॲसिडमध्ये उतरतं. ते कार्बनवर पोचलं की पुन्हा धातू होऊन बसतं. काही मायक्रोग्रॅमही पुरतात. त्यात रेफरन्समधून झिरपणारं क्लोराइड प्लॅटिनम विरघळायला आणखी मदत करतं. ॲसिडमध्ये मर्क्युरी-मर्क्युरस सल्फेटचा रेफरन्स घ्या, म्हणजे क्लोराइडची कटकट वाचते.

टाफेल स्लोप (करंट दहापट करायला किती मिलीव्होल्ट जादा लागतात तो आकडा) काढून बघा. सुरुवातीला १२० च्या आसपास असलेला आकडा ३०-४० मिलीव्होल्ट प्रति डेकेडवर आला असेल तर ती प्लॅटिनमची खूण आहे.

आता खात्री करायची ती अशी. काउंटरला ग्रॅफाइटची कांडी लावा, शक्यतो वेगळ्या कप्प्यात, मध्ये नॅफिऑन मेम्ब्रेन (प्रोटॉन जाऊ देणारा पॉलिमरचा पडदा). ५ मिलीग्रॅम कार्बन, ४८० मायक्रोलिटर पाणी-आयसोप्रोपॅनॉल आणि २० मायक्रोलिटर ५ टक्के नॅफिऑनचं द्रावण अशी इंक (इलेक्ट्रोडवर टाकायचं मिश्रण) करा. ३ मिलीमीटरच्या इलेक्ट्रोडवर ५ मायक्रोलिटर टाकलीत की लोडिंग साधारण ०.७ मिलीग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर येतं. इलेक्ट्रोड नवा, ॲसिड ताजं, आणि त्याच हजार सायकली. बहुतेक जण चुकतात ते सेल धुण्यात. प्लॅटिनम वापरलेल्या काचेला ते चिकटून राहतं, साध्या धुण्याने जात नाही. काच फ्यूम हूडमध्ये ॲक्वा रेजियाने (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या मिश्रणाने) धुवा (सेंद्रिय सॉल्व्हंटशी ते कधीच मिसळू नका, स्फोट होतो). ढवळायची चुंबकाची कांडी नवीच घ्या, जुनीला आधीच्या प्रयोगांतले धातू चिकटलेले असतात.

सुधारणा गायब झाली तर विषय संपला. टिकली तर आधी डबल लेयर कपॅसिटन्स (पृष्ठभागावर किती चार्ज साठतो, म्हणजे ओला पृष्ठभाग किती, याचं माप) मोजा, व्होल्टेज २० ते १०० मिलीव्होल्ट प्रति सेकंद वेगांनी फिरवून. कार्बन हळूहळू भिजतो, त्यामुळे पृष्ठभाग वाढलेला दिसू शकतो. पण कपॅसिटन्स दुप्पट आणि करंट पन्नासपट झाला असेल तर नुसत्या पृष्ठभागाने ते होत नाही.

मग लोखंडाकडे वळा. खोडाला काळी माती लागलेली असते, आणि वाळलेले तुकडे स्टीलच्या मिक्सरमध्ये दळले की पात्याचं लोखंड, क्रोमियम भुकटीत उतरतं. अगेटचा (कठीण दगडाचा) खल वापरा. कार्बन केल्यावर १ मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिडने धुवा, मग पाण्याने गाळ न्यूट्रल होईपर्यंत. केळीत पोटॅशियम भरपूर असतं. नायट्रोजनमध्ये ७००-८०० अंशांना तेच छिद्रं पाडतं, त्यासाठी वेगळं केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) घालायची गरज पडेलच असं नाही. पण ग्रॅफाइटच्या कवचात अडकलेलं लोखंड ॲसिडने सुटत नाही. म्हणून ‘मेटल-फ्री’ लिहिण्याआधी आयसीपी-एमएस (अत्यल्प धातूही मोजणारी चाचणी) कराच. एक्सपीएसमध्ये (क्ष-किरणांनी पृष्ठभागावरची मूलद्रव्यं ओळखणाऱ्या चाचणीत) ७१ इलेक्ट्रॉनव्होल्टजवळ प्लॅटिनम दिसतं, मात्र राखेतल्या ॲल्युमिनियमचा पीक जवळच ७४-७५ ला येतो, गल्लत होते.

मार्च ते मे जळगाव-भुसावळ पट्ट्यात लॅब ३५-४० अंशांवर सहज जाते. पहिलं रीडिंग थंडीतलं आणि शेवटचं उन्हाळ्यातलं असेल तर तापमानानेही करंट वाढतो. सेल २५ अंशांच्या वॉटर बाथमध्ये ठेवा.

कारण प्लॅटिनमच ठरलं तरी कार्बन टाकून देऊ नका. एवढ्या छिद्रांचा कार्बन सुपरकपॅसिटरला (चार्ज साठवणाऱ्या उपकरणाला) चालतो, आणि प्लॅटिनम मोजून घातलंत तर त्या प्लॅटिनमला धरून ठेवणारा आधार म्हणूनही तपासता येईल. तेव्हा करंट दर चौरस सेंटिमीटरवर न देता प्लॅटिनमच्या दर मिलीग्रॅमवर द्या.