आयबीएस (पोटदुखी, गॅस, जुलाब किंवा बद्धकोष्ठता असा आतड्यांचा जुना त्रास) आहे. म्हापशातल्या लॅबने दोनशे पदार्थांची ‘इनटॉलरन्स’ रक्तचाचणी सुचवली आहे, करावी का?

नको, ते पैसे वाचवा. अशा पॅनेलमध्ये बहुतेक वेळा आयजीजी (रक्तातल्या एका प्रकारच्या अँटीबॉडी) मोजतात. त्यातून तो पदार्थ तुमच्या खाण्यात आहे एवढंच कळतं, सोसत नाही असं नव्हे. खाल्ल्यावर थोड्याच वेळात अंगावर गांधी, ओठांना सूज, धाप असं होत असेल, तर आयजीई (ॲलर्जीच्या अँटीबॉडी) चाचणीसाठी डॉक्टरांना भेटा.

सीलिॲकची (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार) टीटीजी ही रक्तचाचणी मात्र झाली नसेल तर जरूर करून घ्या, आणि तोवर पाव-चपाती सोडू नका. गहू बंद केल्यावर निकाल फसवा नॉर्मल येऊ शकतो.

बाकीचा शोध ताटातच लागतो. कांदा, लसूण, पाव, काजू २ ते ६ आठवडे थांबवा, मग एकेक परत आणून बघा, शक्यतो आहारतज्ज्ञाच्या मदतीने. उकड्या तांदळाचं शीत (भात) आणि साधे मासे बंद करायची सहसा गरज नसते.