अ‍ॅस्बेस्टॉसचं काम सोडून तीस वर्षं झाली, तरी मेसोथेलिओमा होऊ शकतो का?

हो, होऊ शकतो. मेसोथेलिओमा हा मुख्यतः अ‍ॅस्बेस्टॉसमुळे होणारा कर्करोग, आणि या आजाराची खोड हीच आहे. अ‍ॅस्बेस्टॉसशी संपर्क आल्यापासून कर्करोग दिसेपर्यंत साधारण २० ते ५० वर्षं जातात.

अ‍ॅस्बेस्टॉसचा पत्रा कापला किंवा जुनं पाइपावरचं आवरण खरवडलं की डोळ्याला न दिसणारे सुईसारखे तंतू हवेत उडतात. श्वासातून आत गेलेले लांब तंतू शरीराला विरघळवताही येत नाहीत आणि नीट बाहेरही टाकता येत नाहीत. काही तंतू फुफ्फुसाभोवतीच्या आवरणापर्यंत पोचतात, तिथे वर्षानुवर्षं दाह होत राहतो आणि पेशींमधला डीएनए बिघडत जातो. म्हणजे हा फुफ्फुसाचा नव्हे, त्या आवरणाचा कर्करोग. क्वचित पोटाच्या आवरणालाही होतो. १९६० साली दक्षिण आफ्रिकेतले संशोधक वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी या आजाराच्या ३३ रुग्णांचा अभ्यास मांडला, त्यात अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणीत कधीच न उतरलेले, नुसते आसपास राहणारेही होते. कामाचे कपडे घरी धुणाऱ्या बायकांनाही हा आजार झालेला आहे.

सिगारेटने मेसोथेलिओमा होत नाही. पण अ‍ॅस्बेस्टॉस आणि सिगारेट एकत्र आले की फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका फार वाढतो, म्हणून ओढत असाल तर सोडाच.

संपर्क आलेल्या बहुतेकांना हा आजार होत नाही, तेव्हा उगाच धसका घेऊ नका. मात्र दम लागणं, छातीत दुखणं, कारण नसताना वजन घटणं असं काही असेल तर छातीच्या डॉक्टरांना दाखवा आणि जुन्या कामाबद्दल आपणहून सांगा. ते विचारतीलच असं नाही. छातीत पाणी झालेलं एक्स-रेत दिसतं, पण पक्कं निदान बायोप्सीनेच, म्हणजे आवरणाचा छोटा तुकडा काढून तपासल्यावरच होतं.