पन्हाळा–पावनखिंड पहिल्यांदा करताय? खर्च बुटांवर करा

भावा, पन्हाळगडावरून पावनखिंडीपर्यंतची जुलैतली पायी मोहीम आहे, त्यामुळं आधी बूट घे. वाटेतल्या मसाई पठारावरचा चिखल आणि पुढची शेवाळलेली दगडं, दोन्हीकडं गुळगुळीत तळव्याचा बूट घसरतोच. खोल नक्षीचा रबरी तळवा बघ, अर्धा नंबर मोठा घे आणि निघायच्या आधी पंधरा दिवस कोल्हापुरात रंकाळा तलावाला रोज त्यातच फेऱ्या मार. नवे कोरे बूट घालून थेट मोहिमेला येऊ नकोस, फोड येतातच.

सॅक नवी कशाला? कॉलेजची दणकट बॅग चालते. पावसाळी कव्हरवर मात्र विसंबू नकोस, पाणी पाठीकडून शिरतं. आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घाल, कोरडे कपडे त्यात ठेवून तोंड पिळून बांध. हा सगळ्यात स्वस्त आणि खात्रीचा उपाय.

जीन्स घरी ठेव. भिजली की जड होते, वाळत नाही, मांड्या सोलते. खेळायची पातळ पँट बरी. रात्रीसाठी लोकरीचा जुना स्वेटर घे, लोकर ओलसर असली तरी ऊब धरते. तंबू नको, मुक्काम गावात असतो. बॅटरी मात्र डोक्याला बांधायचीच घे, हात मोकळे राहतात.