आधी डोमेन स्वतःच्या नावावर घ्या
ताई, मसाले ऑनलाइन विकायचं ठरवलंत, फार बरं वाटलं. साइट विक्सवर बनवायची की वर्डप्रेसवर, हे नंतर बघू; आधी डोमेन, म्हणजे साइटचा इंटरनेटवरचा पत्ता, स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवरून घ्या. माझं पहिलं डोमेन साइट बनवणाऱ्याने त्याच्या खात्यावर घेतलं होतं. तो फोन उचलेनासा झाला आणि पत्ता छापलेली सगळी पाकिटं वाया गेली. अजून हळहळ वाटते.

दहा-बारा मसाले आणि व्हॉट्सॲपवर ऑर्डर, एवढंच असेल तर विक्स पुरे. पण ती साइट उचलून दुसऱ्या होस्टिंगवर, म्हणजे साइट ठेवायच्या दुसऱ्या जागी, नेता येत नाही. वर्डप्रेसची नेता येते, तिला दुकान चालवायचं वूकॉमर्सही फुकट जोडता येतं. मात्र अपडेट, बॅकअप आपणच बघायचं. शॉपिफाय या ऑनलाइन दुकानाच्या तयार सेवेला दरमहा भाडं, विक्री होवो न होवो. तुमचा भाचा हाताशी आहे, म्हणून मी वर्डप्रेसच म्हणेन.